दुःखाआधीचे दुःख

संतसज्जनहो, माउलींची पालखी पुण्याहून सासवडास जाते, तो टप्पा लांबचा आणि वाटेत दिवे घाट. घाटात छाती भरते, हे खरेच. पण आम्ही पाहतो, पुष्कळांची छाती आदल्या रात्रीच धडधडू लागते. पाय अंथरुणावर आणि काळीज घाटात!

हे असे का होते? हृदयाला डोळे नाहीत. मन सांगेल ते खरे मानून ते धावते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके मिनिटास साधारण ६० ते १००. भयाचा नुसता विचार आला, की मूत्रपिंडांवरच्या दोन लहान ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन रक्तात सोडतात, ठोके वाढतात, तोंडाला कोरड पडते. वाघ दारात असो की मनात, हृदयाला दोन्ही सारखेच.

पण यातही एक नवल आहे. डॉक्टरांनी सुई हातात घेतली, आता टोचणार, त्या क्षणी पुष्कळांचे हृदय उलट मंद होते! पाऊल वाजले म्हणजे हरिण कसे थबकून कान टवकारते, तसेच. हे काम मेंदूपासून हृदयाकडे उतरणाऱ्या व्हेगस नाडीचे. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले, की ही नाडी एक द्रव्य सोडून ठोके मंदावते. म्हणजे देवाने घोड्याला चाबूक दिला तसा लगामही दिला. आणि त्याचे एक टोक आपल्या हाती आहे बरे का! श्वास बाहेर सोडताना ठोके मंदावतात. अभंगाचा चरण लांबवून म्हणताना आपण दुसरे काय करतो? २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी जपमाळ व मंत्र म्हणणारी माणसे तपासली, तेव्हा त्यांचा श्वास मिनिटास सहाच्या आसपास आलेला आढळला.

असो. नाम ही काही ठोके मोजून घ्यायची पुडी नव्हे. आमचे सांगणे निराळेच आहे. उद्या ज्याचे ऑपरेशन आहे त्याला, "भिऊ नका, विठोबा आहे," एवढे म्हणून आपण लगेच चपला घालतो. त्या रात्री त्याचे काळीज एकटेच घाट चढत असते. बाबांनो, घटकाभर खाटेशी बसा. त्याच्याबरोबर सावकाश नाम घ्या, त्याचा श्वास लांबेपर्यंत.

मात्र वाटेत कुणाच्या छातीत कळ आली, घाम फुटला, हात भरून आला, तर ते भय म्हणून सोडू नका. टाळ खाली ठेवा आणि त्याला आधी डॉक्टरांकडे न्या.