स्तुती कुणाच्या हातची?

नाताळापूर्वी भिवापुरात एका घरी आम्ही मोजकी कुटुंबे प्रार्थनेसाठी जमतो. पेटी आमच्यापैकीच एकजण वाजवतो. तबल्यावर मात्र शेजारच्या भजनी मंडळातील एक गृहस्थ बसतात. दिवसभर मिरचीचे काम करून, हातपाय धुऊन ते येतात. आपली ख्रिस्तावर श्रद्धा आहे असे त्यांनी कधी म्हटले नाही, आम्हीही विचारले नाही. यंदा मात्र आमच्यातील एका वडीलधाऱ्यांनी शंका काढली : ज्याचा विश्वासच नाही, त्याच्या हातून देवाची स्तुती कशी व्हावी?

कुणालाच चटकन उत्तर सुचेना. त्याच बैठकीत एका तरुणाने मोबाइलवर एक जुना अमेरिकन अल्बम लावला. डेन्व्हरच्या 'फाइव्ह आयर्न फ्रेन्झी' या ख्रिस्ती बँडचा हा दुसरा अल्बम, 1997 सालचा. नावही गमतीचे : 'अवर न्यूएस्ट अल्बम एव्हर!' संगीताचा प्रकार 'स्का'. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन असा सगळा थाट. ऐकताना वरातीतल्या बँडचीच आठवण व्हावी. वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. ही का भक्ती?

आठ्या घालण्याआधी या संगीताचे कूळ पाहावे. स्का जन्मला जमैकात, 1950 च्या दशकाच्या अखेरीस. त्यातील कितीतरी नामवंत वादक किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये वाढले, आणि ही शाळा कॅथलिक धर्मभगिनींची! निराधार मुलांच्या हाती तेथे वाद्ये दिली जात. सिस्टर मेरी इग्नेशियस यांनी कित्येक वर्षे त्या मुलांच्या संगीतावर लक्ष ठेवले. याच शाळेतला डॉन ड्रमंड थोर ट्रॉम्बोनवादक झाला. 1965 साली त्याच्या हातून आपल्या सहचारिणीचा खून झाला आणि 1969 साली तो मनोरुग्णालयात वारला. धर्मभगिनींनी शिकवलेली कला आणि तो रक्ताळलेला हात, दोन्ही एकाच माणसाचे. त्याचे वादन आजही ऐकले जाते, आणि ते ऐकताना आमच्या मनात दया आणि भीती एकदमच येते.

त्या अमेरिकन अल्बममध्ये थट्टा आहे, शायान लोकांचा नायक ब्लॅक केटल याच्या हत्येची खंत आहे, आणि शेवटी 'एव्हरी न्यू डे' ही सरळसरळ प्रार्थना आहे. पुढच्याच वर्षी, 1998 साली, बँडचा एक गिटारवादक बाहेर पडला. त्याची श्रद्धा उरली नव्हती. मग ती प्रार्थना खोटी ठरली काय?

संत ऑगस्टीन यांच्यापुढे असाच एक पेच होता. छळाच्या काळात डगमगलेल्या धर्मगुरूंनी दिलेले साक्रामेंत व्यर्थ होत, असे डोनाटिस्ट म्हणत. ऑगस्टीन यांनी ठामपणे सांगितले की साक्रामेंत ख्रिस्ताचा आहे. देणाऱ्याच्या डागाने तो मलिन होत नाही. हे आम्हांस पटते. पण गीत म्हणजे साक्रामेंत नव्हे. गाणारा स्वतःच्या तोंडाने 'मी' म्हणतो, आणि तो 'मी' त्याला सोसला पाहिजे. म्हणून गेलेल्या त्या गिटारवादकाला आम्ही दोष देत नाही. टाळ्या मिळत असताना, मनात नसलेले ओठांवर आणण्याचे त्याने नाकारले. विश्वास आहे असे सांगून यांत्रिकपणे गाणाऱ्या आम्हां मंडळींपेक्षा ते अधिक सचोटीचे नव्हे काय? आणि ऐकणाऱ्याचेही नुकसान झाले नाही. त्या सुरांवर ज्याने प्रार्थना केली त्याची प्रार्थना त्याचीच राहिली. 2011 साली बँड पुन्हा उभा राहिला तेव्हा तोही परतला, आणि सोबत्यांनी त्याला जागा दिली.

ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात बसू दिले. टिळक प्रॉटेस्टंट, हे खरे. पण मराठी ख्रिस्ती भजनाचा विचार त्यांना टाळून कसा करावा?

आमचे तबलजी तर कोणता दावाही करत नाहीत. ते ठेका देतात. शब्द आमचे असतात, आणि त्यांचा जाब आम्हालाच द्यावा लागेल. हे आम्ही वडीलधाऱ्यांपुढे मांडले. त्यांना ते पूर्ण पटले असे वाटत नाही. मात्र प्रार्थनेच्या संध्याकाळी ते लवकर आले, सतरंजी अंथरली, आणि तबल्याची जागा पेटीच्या उजवीकडे मोकळी ठेवली.