वाराचे अन्न आणि हक्काचे अन्न

वर्सोव्यातील आमच्या परिचयाच्या एका सुस्थित गृहस्थांनी मुलाच्या वाढदिवशी जवळच्या शाळेतील मुलांस गोड जेवण घालण्याचा बेत केला. बेत स्तुत्यच, सरकारी योजनेतही अशा जेवणास ‘स्नेहभोजन’ या नावाने स्थान आहे. परंतु मुलांनी आधी रांगेत उभे राहून वाढदिवसाचे गाणे म्हणावे व छायाचित्र काढू द्यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. यात वावगे ते काय, असे पुष्कळांस वाटेल. आम्हांस मात्र प्रश्न पडतो तो येथेच. भुकेल्या मुलास अन्न देणाऱ्याने त्याच्यापासून कृतज्ञता वसूल करावी काय?

पुण्यात वार लावून, माधुकरी मागून शिकलेल्यांच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या कथा तरून गेलेल्यांच्या. रोज नवा उंबरठा, यजमानीणबाईंच्या मुद्रेचा अदमास, आणखी भात मागावा की पाणी पिऊन उठावे हा विचार! यात किती मुले मनाने कायमची वाकली, त्याची नोंद कोणी ठेवली? शिवाय ती सोय बहुधा ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहिली, जेवली आणि राबलीही. तेथे घास कोणाच्या मेहेरबानीचा उरला नाही. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते आठवीपर्यंतच्या मुलांच्या हक्काचे झाले.

मग आपण काहीच करू नये की काय? तसे नव्हे. जून व जुलैत दर्यावर मासेमारीची बंदी असते, होड्या किनाऱ्यास लागतात, आणि कोळीवाड्यातील कित्येक घरांची मिळकत आटते. शाळा मात्र उघडते जूनच्या मध्यावर. म्हणजे त्या पंधरवड्यात दर्याही बंद, शाळेची खिचडीही बंद. दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यावे, असे न्यायालयाने २००४ साली सांगितले. पण कोळ्यांच्या या दिवसांस दुष्काळ कोण म्हणणार? आपला पैसा तेथे, शाळेच्या हाती, नाव न लावता जावा.

हे सारे त्या गृहस्थांस सांगून आम्ही आणखी दोन गोष्टी सुचवल्या. गाणे वगळावे, आणि त्यांच्या चिरंजीवाने त्याच पंक्तीस बसून जेवावे. पहिली त्यांनी तत्काळ मान्य केली. दुसरीविषयी, मुलाच्या पोटास बाहेरचे सोसत नाही, असे त्यांनी कळविले.