वेग सोडलेली गाडी

यंत्रांचा इतिहास आपण बहुधा वेगाचा इतिहास म्हणूनच वाचतो. आगगाडी, मोटार, विमान यांची थोरवी ताशी किती किलोमीटर या एकाच मापाने मोजली गेली. पण वेग आपणहून सोडून दिलेले यंत्रांचे एक लहानसे कुळही आहे. 1997 मध्ये मंगळावर उतरलेली सोजर्नर ही सहा चाकांची गाडी सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर सरकत असे. तिच्या मागून गेलेली, मोटारीएवढी मोठी क्युरिऑसिटीही सपाट, कठीण जमिनीवर सेकंदाला चार सेंटिमीटरांच्या आसपासच चालते. उलटलेली गाडी सरळ करणारा हात जिथे कोट्यवधी किलोमीटर दूर आहे, तिथे घाई परवडत नाही.

रिमोटवर चालणारा रॉक क्रॉलर याच कुळातला. खऱ्या जीपच्या दहाव्या हिश्शाची ही गाडी खडकांवर इंचाइंचाने चढते. ती जोडण्यात आणि आपल्या मनाजोगती घडवण्यात ज्यांचे रविवार जातात, त्यांपैकी मी एक आहे. या छंदात यंत्रशास्त्र आहेच, पण मला त्याचे मोल वाटते ते त्यातून येणाऱ्या विवेकासाठी. काय मिळवायचे हे ठरवण्याआधी काय सोडायचे हे ठरवायला तो भाग पाडतो.

छंदाची मुळे अमेरिकेच्या पश्चिम भागातील खडकाळ वाटांत आहेत. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातील रुबिकॉन ट्रेल किंवा युटामधले मोआब इथे हौशी लोक खऱ्या जीपगाड्या शिळांवर चढवतात. घोड्यांच्या लोखंडी नालांना निसरडा वाटणारा मोआबचा उघडा वालुकाश्म रबराला मात्र घट्ट धरून ठेवतो. हाच खेळ छोट्या मापात खेळू पाहणाऱ्यांना सुरुवातीला तयार गाडी मिळत नव्हती. त्यांनी तामिया या जपानी कंपनीची 1987 मधली ‘क्लॉड बस्टर’ हाती घेतली. दोन आसांवर दोन मोटरी आणि चारही वळणारी चाके असलेली ती राक्षसी चाकांची गाडी उकलून, चासी बदलून त्यांनी आपले क्रॉलर बनवले. दुसऱ्याने केलेल्या वस्तूत आपला हात घालणे हे या छंदाच्या जन्मातच आहे. आजही खोक्यातून निघालेल्या गाडीला कोणी पूर्ण झालेली गाडी मानत नाही.

पहिला त्याग अर्थातच वेगाचा. मोटर साधी असली तरी तिच्या तारेचे वेढे जास्त, पस्तीस किंवा पंचावन्न. वेढे वाढले की फेरे कमी होतात आणि तेवढ्याच विजेत पीळ वाढतो. पुढे गिअरांची साखळी मोटरीचे चाळीसेक फेरे चाकाच्या एका फेऱ्यात उतरवते. शर्यतीच्या गाड्या हाताळलेल्याला हे नुकसान वाटेल. पण रिमोटचा ट्रिगर केसभर दाबला तर चाकही केसभरच फिरावे, आणि सोडला तर चढावर गाडी आहे तिथेच रुतून बसावी, ही किमया त्या नुकसानीतूनच येते.

दुसरा त्याग वळण्याच्या सोयीचा. मोटार वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून डिफरन्शियल दोन चाकांना वेगवेगळे फिरू देतो. रस्त्यावर हे वरदान असते. खडकावर मात्र एक चाक हवेत लटकले की सगळी फिरकी त्या निराधार चाकाकडे जाते आणि टेकलेले चाक निमूट उभे राहते. म्हणून क्रॉलरमध्ये डिफरन्शियल कायमचा जखडून टाकतात. पकड मिळते, पण गाडी रुंद वळसा मागू लागते. त्यावर उपाय म्हणून पुढच्या आसाचे गिअर असे निवडतात की पुढची चाके मागच्यांपेक्षा थोडी जलद फिरावीत आणि गाडीचे नाक ओढून घ्यावे. त्याने गिअरांवर ताण येतो, तो आणखी कुठेतरी सोसावा लागतो. ट्रॅक्सस कंपनीने 2017 मध्ये ‘टीआरएक्स-4’ ही क्रॉलर गाडी आणली. तिच्यात ही जखडण रिमोटवरून लावता-सोडता येते. शिवाय खऱ्या उनिमॉग ट्रकासारखे पोर्टल आस आहेत, त्यामुळे आसाचा मधला गोळा चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो आणि दगडाला कमी अडतो. सोय खरीच, पण प्रत्येक चाकामागे जादा गिअर आले, आणि त्यांचे वजन व घर्षणही आले.

सर्वांत विचार करायला लावते ते वजन. गॅलिलिओने 1638 मध्ये ‘दोन नवी शास्त्रे’ या ग्रंथात दाखवून दिले की वस्तू लहान-मोठी करताना तिचे सगळे गुण एका प्रमाणात बदलत नाहीत. लांबी दहाव्या हिश्शावर आणली की छेदाचे क्षेत्रफळ शंभराव्या आणि वजन हजाराव्या हिश्शावर येते. दोन टनांच्या जीपची प्रतिकृती म्हणून सुमारे दोन किलोंची भरते, आणि वजनाच्या मानाने मूळ जीपपेक्षा कितीतरी चिवट ठरते. कड्यावरून कोलमडून ती पुन्हा चालू लागते. खऱ्या गाडीचा चुराडा झाला असता. काळाचे गणितही बदलते. दहापट लहान पडझड एक तृतीयांशाहून कमी वेळात आटोपते, डोळ्याला सावरायला उसंत मिळत नाही. पण गाडी कोणत्या कोनात उलटेल हे मापावर अवलंबून नसते. चाकांमधली रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची यांचे प्रमाण तेच ठरवते, आणि तिथे छोटी गाडी मोठीइतकाच खरा जाब देते.

म्हणून इथे पितळ येते. चढावर भार मागे सरकतो आणि नाक उचलले जाते. ते दाबून धरायला पुढच्या आसाच्या टोकांवर, शक्य तितके खाली, पितळी भाग बसवतात. वरची बॉडी मात्र हलकीच ठेवतात. पण आसावर टांगलेले हे वजन स्प्रिंगांच्या खाली असते. चाक दगडावर आपटले की ते पितळही आपटते, आणि चाके वळवणाऱ्या सर्व्होला जास्त जोर लावावा लागतो. पितळ वाढवत गेले की एका टप्प्यावर गाडी स्थिर राहते, पण सुस्त आणि बोथट होते. तो टप्पा कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

तो खडकच सांगतो. मऊ रबर, आतला फोम, शॉक अब्जॉर्बरमधले तेल यांची जुळणी मोआबला एक आणि आपल्याकडे दुसरी. सह्याद्रीचा बेसाल्ट घट्ट, कडांचा, आणि पावसाळ्यात शेवाळाने बुळबुळीत असतो. प्रस्तरारोहण शिकवताना तीन आधार पक्के ठेवून चौथा हलवायला सांगतात. क्रॉलरची वाट निवडताना हेच सूत्र उपयोगी पडते: कोणते चाक हवेत जाणार आणि तेव्हा उरलेली तीन कुठे असतील, हे आधी डोळ्यांनी वाचावे लागते. चाकाखाली काय आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याला महागातला भागही पुढे नेत नाही.

या छंदाला धोका आहे तो हव्यासाचा. दुकानात प्रत्येक भागाची धातूची चकचकीत आवृत्ती मिळते, आणि सगळे एकदम बदलले की गाडी देखणी होते. पण मग ती सुधारली ती कशामुळे आणि बिघडली ती कशामुळे, हे कळायची वाटच बंद होते. कोणतीही सुधारणा म्हणजे सौदा असतो आणि किंमत कुठे मोजली हे माहीत असलेलाच कारागीर, ही जाण पैशाने मिळत नाही. वेगाच्या काळात हातांना आणि मनाला अशी शिस्त लावणारे खेळ थोडे उरले आहेत, म्हणून या खेळाला मी निव्वळ खेळणे म्हणू शकत नाही.

नव्याने येणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे: आधी गाडी आहे तशी भरपूर चालवा, तिची उणीव नेमकी कुठे आहे ते पाहा, मग एका वेळी एकच भाग बदला आणि त्याच खडकावर पुन्हा चढवून बघा. पुढचा भाग विकत घेण्याआधी, आधीच्या बदलात काय गमावले ते लिहून ठेवा.