सागाची पट्टी वळते तेव्हा

बसा. घाई नाही.

समोर सागाची एक पट्टी आहे. तीन बोटं रुंद, जाडीला जेमतेम दोन मिलिमीटर. अजून सरळ आहे.

तिच्याकडे बघा. नुसतं बघा.

गडद रेषा या टोकाकडून त्या टोकाकडे जातात. त्यातली एक निवडा. नजर तिच्याबरोबर सावकाश जाऊ द्या.

श्वास घ्या. नुकत्या रंधलेल्या सागाचा वास येतो. थोडा तेलकट, थोडा चामड्यासारखा.

या पट्टीचं सायकलचं मडगार्ड व्हायचं आहे.

बीड जिल्ह्यात, आणि मडगार्ड? इथं पाऊसच हात राखून पडतो. बालाघाटाच्या मुरमाड माळावर चिखल फार टिकत नाही. पण खाली गंगथडीला, गेवराई-माजलगावकडे, काळी माती भिजली की चाकाला सोडत नाही. टायर आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसते. मग सायकल माणसावर बसते.

म्हणून लाकडाखाली बोटभर फट ठेवायची. आपलं बोट डोळ्यांसमोर धरा. एवढीच फट.

पुन्हा पट्टीकडे या.

गोलाई इथल्या सुताराला नवी नाही. बैलगाडीच्या चाकाचे पुठे बाभळीच्या ठोकळ्यातून तासून काढायचे, त्यात आरे बसवायचे, वरून लोखंडी धाव चढवायची. पण तिथं गोलाई तासून येते. लाकडाची रेष मध्येच तुटते.

पट्टीत ती तुटत नाही. अख्खी वळते.

इथं थोडं थांबा. तुमची रेष अजून नजरेत आहे ना?

28 इंची चाकाच्या बेतानं केलेला साचा बाकावर आहे. साग तेलकट, तसाच चिकटवला तर फेव्हिकॉल नीट धरत नाही. आधी स्पिरिटच्या फडक्यानं पुसा. पुसलेली जागा कोरडी, फिकट दिसते. ती वाळताच गोंद लावा. अशा तीन पट्ट्या, एकावर एक.

साच्यावर ठेवा. पहिला क्लॅम्प मधोमध.

दोन्ही टोकं हवेत आहेत. एका टोकावर तळवा टेकवा.

दाबा. अगदी थोडं.

ऐका.

लाकूड कुरकुरलं तर हात आहे तिथंच राहू द्या. श्वास आत. श्वास बाहेर. मग पुढचं बोटभर.

प्रत्येक पट्टीची बाहेरची बाजू ताणली जाते आहे, आतली आवळली जाते आहे. मध्ये कुठेतरी एक पातळ थर आहे, तिथं ताण नाही, दाबही नाही. तो डोळ्यांना दिसत नाही. तरी लक्ष तिथं न्या. तिथंच राहा.

दुसरा क्लॅम्प. तिसरा. कडेनं गोंदाचे थेंब बाहेर येतात. पुसून घ्या.

आता रात्रभर काहीच करायचं नाही. मला विचाराल तर या कामातला हाच सगळ्यात अवघड भाग.

तोवर एवढं आठवा. 1817 मध्ये जर्मनीतल्या मानहाइमला कार्ल द्राइसनं पायांनी रेटायची दुचाकी चालवली, ती बहुतेक लाकडाचीच होती. आपल्या पुण्यात हवाई दलातून निवृत्त झालेले शशिशेखर पाठक बांबूची सायकल करतात. लाकूड या वाहनाला परकं नाही, एवढंच.

सकाळी क्लॅम्प सोडा. पट्टी किंचित उघडते, सरळ होऊ पाहते. होऊ द्या. जाणता कारागीर साचाच थोडा जास्त वळणाचा करतो.

कडांवरून पॉलिशपेपर फिरवा. मग फडक्यावर जवसाचं तेल घ्या. चोळा, रेषेच्या दिशेनं. रंग खोल होत जातो. बघत राहा. तेल हवेनं घट्ट व्हायला दिवस घेतं. पुढचा हात त्याआधी नको.

मग भोकं, वायसर, नटबोल्ट, लोखंडी तारा. मडगार्ड चढवा, सायकल स्टँडवर घ्या, चाक हातानं हळू फिरवा.

कान लाकडाजवळ न्या. एक पूर्ण फेरा ऐका. घासत असेल, तर त्या बाजूच्या तारेचा नट सैल करा, मडगार्ड नखभर उचला, आणि पुन्हा फिरवा.