मनुके भिजेपर्यंत

शुक्रवारची दुपार आहे असं धरा. वाटीभर काळे मनुके घ्या. एक मनुका दोन बोटांत धरून दाबा. बोटाला चिकट ओल लागली तर चालेल. कडक, कोरडा निघाला तर बाजूला ठेवा. ज्यू धर्मशास्त्र मनुक्याच्या रसाला वाइनचा मान देतं ते या ओलीमुळे. सुकून खडा झालेल्या सालींचं रंगीत पाणी त्यात बसत नाही. मनुके दोन-तीन पाण्यांनी धुवा, बुडून वर थोडं राहील इतकं पाणी घाला आणि झाकण ठेवा. आता काही करायचं नाही.

कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या घरांत शब्बाथचं, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचं, सरबत असंच सुरू होतं. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून कोकणातल्या गावकऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटलं. आठवडाभर तेल गाळणाऱ्या या लोकांना कुस्करणं आणि गाळणं कोणी शिकवायची गरज नव्हती. तो वास मनात येऊ द्या: खोबरेल, आणि त्याच्या शेजारी भिजणारा गोड मनुका.

मग सरबताऐवजी वाइनच का नाही घेतली? मिळत नव्हती म्हणून. कोशर वाइन, म्हणजे धर्माला चालणारी. द्राक्षं सगळीच चालतात, फक्त वेल पहिल्या तीन वर्षांतली नको. अडतं ते द्राक्ष फुटल्यावर. तिथपासून बाटलीला बूच लागेपर्यंत रसाला शब्बाथ पाळणाऱ्या ज्यूंचेच हात लागायला हवेत. परक्या देवापुढे ओतलेली वाइन पिऊ नये, या जुन्या धास्तीतून हा नियम आला. आज नाशिकला द्राक्षं आणि वाइन दोन्ही मुबलक आहेत. पण तेवढ्यानं बाटली कोशर होत नाही.

हाताचा हा नियम कडक वाटतो, मलाही वाटला. मग त्यातलीच एक पळवाट कळली: वाइन तापवून घेतली की तिला ‘मेवुशाल’ म्हणतात, आणि ती कोणीही ओतली तरी चालते. आता यंत्रानं काही क्षणच तापवतात. सणाच्या जेवणाला परधर्मी शेजारी येणार असतील तर बाटलीवर हा शब्द आधी शोधावा. चवीत थोडं उणं आलं तर येऊ दे. पाहुण्यानं प्रेमानं पुढे केलेली बाटली अडवण्याची वेळ तरी येत नाही.

झाकण उघडून पाहा. मनुके फुगलेत, पाण्याला तांबूस रंग चढलाय. अजून थोडं थांबू.

पेसाह म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण. त्या रात्री, सेदरच्या विधीच्या जेवणात, प्रत्येकानं चार पेले प्यायचे असतात. लहानात लहान पेला सुमारे 86 मिलिलिटरचा, म्हणजे चार मिळून जवळजवळ अर्धी बाटली. त्यातले पहिले दोन जेवणाआधी, रिकाम्या पोटी. म्हणून सुरुवातीला हलकी वाइन निवडावी; भारीतली, जड वाइन जेवणानंतरसाठी राखावी. रंग शक्यतो लाल. आणि बाटलीवर ‘पेसाहसाठी कोशर’ असं वेगळं लिहिलेलं हवं, कारण या दिवसांत आंबवलेलं धान्य घरातही नको. कोकणात या सणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. अनाशी म्हणजे आंबट कालवण; त्याचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायचं.

मग सेदरमध्ये इजिप्तवर आलेल्या दहा संकटांची नावं घेताना प्रत्येकासरशी वाइनचा एकेक थेंब पेल्याबाहेर काढतात. सुटका आपली झाली, पण मेले ती इजिप्तची माणसं. तेवढा आनंद कमी करायचा. इथे जरा थांबा. बाटली कितीही उंची असो, तिच्यातले दहा थेंब प्यायचे नाहीत.

शिवाय एक पेला असा, ज्याला कोणीच तोंड लावत नाही. तो एलियाहू हन्नबीचा, म्हणजे एलियाहू या प्रेषिताचा. त्याच्यासाठी दारही उघडतात. बेने इस्राएलांचा या नबीवर फार जीव. मलिदा होतो तो त्याच्याच नावानं: भिजवलेले गोड पोहे, वर खोवलेलं खोबरं, भोवती फळं. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या, घोड्याच्या खुणा उमटल्यात अशी श्रद्धा आहे. ज्याची वाट जगभरचे ज्यू पाहतात, तो यांच्याकडे येऊन गेलाय.

आता मनुके हातानं कुस्करा, घाई नको. मलमलीच्या फडक्यातून गाळा, शेवटी फडकं पिळा. साखर लागत नाही. पेला काठोकाठ भरा, थोडं बशीत सांडलं तरी चालेल. आज इस्रायलच्या वाइन मिळतात, चांगल्याही असतात. तरी पुष्कळ घरांत अजून हेच सरबत होतं. मुलांनाही पेलाभर द्या. चढत नाही.