सांगितलेला पल्ला

एखादे विधान खोटे नाही, एवढ्यावरून ते सत्य ठरते काय, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांना नवा नाही. पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातील तिसाव्या सूत्रात पाच यम सांगितले आहेत. त्यांतील सत्याचे विवरण करताना व्यासभाष्याने मोठी मार्मिक कसोटी घातली आहे. आपल्या ठायी असलेले ज्ञान दुसऱ्याच्या ठायी पोहोचावे म्हणून वाणी उच्चारावयाची; म्हणून ती फसविणारी नसावी, भ्रमातून निघालेली नसावी आणि ऐकणाऱ्यास काहीच बोध न करणारी, म्हणजे वांझ, अशीही नसावी, असा तेथील आशय आहे. शब्द आणि वस्तू यांचा मेळ बसला की सत्य सिद्ध झाले, असे मानून भाष्यकार थांबत नाहीत. बोलणाऱ्याच्या मनात जे आहे तेच ऐकणाऱ्याच्या मनात उतरले काय, हे ते पाहतात.

ही कसोटी येथे ज्या वस्तूस लावून पाहावयाची आहे ती थोडी चमत्कारिक आहे. ती म्हणजे विजेवर चालणारी एकचाकी. सूर्याच्या रथास एकच चाक असल्याचे पुराणे सांगतात. परंतु त्या रथास सात घोडे आणि अरुणासारखा सारथी आहे. या यंत्रास घोडे नाहीत, बैठक नाही आणि हाती धरावयास दांडाही नाही. मधोमध एक जाड टायरचे चाक, त्याच्या दोन्ही अंगांस पाय ठेवण्यापुरत्या पट्ट्या, आणि त्यांवर उभा असलेला स्वार, एवढाच हा संसार. अमेरिकेत शेन चेन या संशोधकाने २०११ च्या सुमारास ‘सोलोव्हील’ या नावाने हे वाहन पुढे आणले. पुढे चीनमधील कारखान्यांनी ते हाती घेतले, आणि आज युरोप-अमेरिकेतील शहरांत कामावर जाणारी माणसे त्यावरून जाताना दिसतात. तळहातावर काठी उभी तोलणारा मुलगा काठी जिकडे कलेल तिकडे हात नेतो. त्याचप्रमाणे स्वार पुढे कलला की आतील संवेदक ते ओळखतात आणि मोटर चाकास पुढे नेऊन त्याच्या पायांखाली आणते. म्हणजे या वाहनात चालणे आणि तोल सांभाळणे ही दोन कामे नाहीत, ते एकच काम आहे. ही गोष्ट ध्यानी ठेवावी; पुढे तिचे कारण पडणार आहे.

ही एकचाकी विकताना तिचा पल्ला सांगितला जातो. २०२० साली बाजारात आलेल्या इनमोशन व्ही-११ या एकचाकीचे उदाहरण घेऊ. तिची बॅटरी सुमारे १५०० वॉट-तासांची आणि जाहीर केलेला पल्ला १२० किलोमीटरपर्यंतचा. भागाकार केला तर किलोमीटरमागे साडेबारा वॉट-तास खर्च होतो. हा खर्च अशक्य नाही. मध्यम वजनाचा स्वार, सपाट कोरडा रस्ता, निवांत हवा, उबदार दिवस आणि ताशी वीस किलोमीटरच्या आसपासचा एकसारखा वेग, एवढी सामग्री जुळून आली तर एवढ्या खर्चात काम भागू शकते. पण तोच स्वार ताशी चाळीसच्या वेगाने निघाला की हिशेब पालटतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. या वाहनावर माणूस ताठ उभा असतो, म्हणजे सारे अंग शिडासारखे वाऱ्याला देऊन उभा असतो. किलोमीटरमागे पंचवीस वॉट-तास लागू लागले की १२० चे साठ होतात. चढणीची गोष्ट आणखी निराळी. स्वार आणि वाहन मिळून शंभर किलोचे ओझे शंभर मीटर उंच चढविण्यास निव्वळ सत्तावीस वॉट-तास लागतात. मोटरमध्ये उष्णता होऊन वाया जाते ते वेगळेच. उतरताना काही वीज परत मिळते, पण सगळी मिळत नाही. थंडीत लिथियमच्या घटांचा आतील विरोध वाढतो आणि हाती येणारी वीज घटते. टायरमध्ये हवा कमी असली तर तीही आपला कर घेते.

आता विचारावयाचे ते हे, की १२० हा आकडा खोटा आहे काय? मापनाच्या खोलीत तो मिळालेला असतो. छापणारा म्हणेल की मी पाहिले तेच सांगितले, आणि ‘पर्यंत’ हा शब्दही मी लिहिला आहे. येथे द्रोणपर्वातील प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. अश्वत्थामा मारला गेला, हे युधिष्ठिराचे उद्गार शब्दशः खोटे नव्हते. त्या नावाचा हत्ती मेलाच होता. आणि हत्तीचा उल्लेखही त्याने केला, मात्र ऐकू न जाईल अशा आवाजात. भाष्यातील वंचनेच्या दोषाचे स्पष्टीकरण करताना वाचस्पतिमिश्रांनी हेच उदाहरण निवडले आहे, हे विचारात घेण्यासारखे आहे. महाभारतकार सांगतात की जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी भूमीस टेकला. माहितीपत्रकाच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेल्या अटी पाहिल्या की तो दबका आवाज कानी येतो.

तथापि विक्रेत्याच्या बाजूनेही एक प्रामाणिक अडचण आहे, आणि ती डावलणे न्यायाचे होणार नाही. बॅटरीत किती वीज मावते, हा त्या वस्तूचा गुण आहे. तो मोजून सांगता येतो. पल्ला मात्र एकट्या वस्तूच्या ठिकाणी राहत नाही. स्वाराचे वजन, त्याची घाई, रस्ता, वारा आणि ऋतू या साऱ्यांच्या संबंधात तो उत्पन्न होतो. जुन्या काळी कोसाचे माप प्रांतोप्रांती निराळे असे, आणि डोंगरातल्या माणसाने ‘हे काय, इथेच’ म्हणून दाखविलेले देऊळ गाठताना सपाटीवरच्या वाटसरूची दमछाक होई. सांगणारा लबाड नसे. तो आपल्या पायांचे सत्य सांगत असे. मग एकचाकीचा खरा पल्ला कोणता? एका आकड्यात बसेल असा तो नाहीच, असे मला वाटते. परंतु यावरून एवढेच निघते की एकाहून अधिक आकडे द्यावेत. सर्वांत फुगलेला तेवढा निवडावा, असे निघत नाही. अनेक संभाव्य उत्तरांतून आपल्या लाभाचे तेवढेच मोठ्या अक्षरांत मांडणे ही निवड आहे, आणि जेथे निवड आली तेथे जबाबदारीही आली. अमेरिकेत मोटारींच्या बाबतीत सरकारी यंत्रणेने प्रयोगशाळेतील पल्ला साधारणपणे ०.७ ने गुणून मग छापण्याची रीत पाडली. आपल्याकडे एथरने २०२२ च्या आपल्या विजेच्या स्कूटरचा प्रमाणित पल्ला १४६ किलोमीटर आणि रस्त्यावर मिळणारा १०५ किलोमीटर, असे दोन्ही आकडे सांगितले. अडचण खरी आहे. तिच्यातून वाट निघत नाही, हे मात्र खरे नाही.

आता मघाची ध्यानी ठेवावयास सांगितलेली गोष्ट. चारचाकीची वीज संपली तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहते. कामाचा खोळंबा होतो, एवढेच. एकचाकीत तोल आणि चाल एकाच साठ्यातून येतात. ८४ व्होल्टच्या बॅटरीत वीस घट ओळीने जोडलेले असतात. भरलेला प्रत्येक घट ४.२ व्होल्टचा, आणि रिता होत आला की साऱ्यांचे मिळून ६५ च्या घरात उतरते. व्होल्टता उतरली की मोटर जास्तीत जास्त किती वेगाने फिरू शकेल, ती मर्यादाही उतरते. म्हणून वीज कमी झाल्यावर यंत्र पट्ट्या मागे कलवून स्वारास आवरते. तो इशारा न मानता, किंवा खड्ड्यापाशी अकस्मात, मोटरच्या सामर्थ्याबाहेर मागणी झाली, तर पायांखालचे चाक माणसास सावरू शकत नाही आणि तो पुढे तोंडावर पडतो. साठ्याचा शेवटचा भाग पहिल्या भागासारखा नाही. १२० च्या आकड्यात मात्र शेवटचा किलोमीटर पहिल्याच्या शेजारी, त्याच किमतीने बसविलेला असतो. वाणी प्राण्यांच्या हितासाठी आहे. जी त्यांच्या घातास कारण होते ती सत्यासारखी दिसली तरी सत्य नव्हे, असेही भाष्य म्हणते. ते वाक्य येथे लागू करताना ओढाताण करावी लागत नाही.

जाणते स्वार यावर एक उपाय करतात. छापलेल्या आकड्याचे ते सरळ निम्मे करतात आणि त्यातूनही थोडे राखून ठेवतात. मग त्यांची फसवणूक झालीच नाही, असे कोणी म्हणेल. पण ज्याचे निम्मे करूनच ऐकावयाचे, ते बोलणे काही सांगत नाही. वंचनेचा दोष टळला खरा, पण वांझपणाचा तिसरा दोष त्याच्या जागी आला. शिवाय जो कारखानदार खरोखरच रस्त्यावरचा आकडा छापील, त्याचेही सवयीने निम्मेच केले जाईल. म्हणजे त्याच्या सत्याची किंमत इतरांच्या अतिशयोक्तीने ठरणार. द्रोणांनी सेनेतील दुसऱ्या कोणास न विचारता युधिष्ठिरासच विचारले, ते त्याच्या शब्दाचे निम्मे करावे लागत नसे म्हणून. (स्वारही काही कमी नाहीत. ‘मी शंभर किलोमीटर केले’ म्हणणारा, त्या दिवशी आपण सायकलवाल्यांनाही पुढे जाऊ दिले होते, हे सहसा सांगत नाही.)

गंमत अशी की फ्रान्समध्ये २०१९ च्या नियमांनी अशा वाहनांस ताशी २५ किलोमीटरची मर्यादा घातली आहे. तेथे जो स्वार कायदा पाळून, सपाट रस्त्याने, बेताबेताने जातो, त्यास कारखानदाराचा आकडा पुष्कळसा जवळचा वाटेल. जो वेग विकत घेण्यासाठी म्हणून मोठे यंत्र घेतो, त्यास मात्र तो आकडा दूरचा; आणि तीच जाहिरात वेगाचा आणि पल्ल्याचा असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापते. दोन्ही वेगवेगळे घेतले तर बरोबर, एकत्र घेतले तर अशक्य! निम्मे करण्याची युक्ती अजून कोणी न सांगितलेला नवखा माणूस ते दोन्ही एकत्रच वाचतो, घरापासून पन्नास किलोमीटरवर जाऊन पोहोचतो, आणि मग पस्तीस किलोंचे ते चाक हाताने ढकलीत परतीची गाडी कोठे मिळेल याची चौकशी करू लागतो.