आत्याला कुणी सांगितलं नाही

आत्या गाडीतून उतरली, तेव्हा तिचा तीन वर्षांचा नातू अंगणातून तिच्याकडे धावत सुटला. मी त्याला मध्येच उचललं आणि मागल्या दाराने परसात नेलं. पोरगं हातपाय झाडत होतं. आत्या हात पुढे करून तशीच उभी राहिली. मग ते हात तिने पदरात घेतले.

चंदगड तालुक्यातलं आमचं गाव घाटमाथ्याला आहे. आत्याच्या गळ्याला गाठ आली, तपासणीत थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आणि उरलेसुरले पेशी मारायला तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं. एक कॅप्सूल. ती गिळली की माणूस स्वतःच काही दिवस किरण सोडत राहतो. म्हणून वेगळी खोली, भरपूर पाणी, आणि घरी आल्यावर आणखी काही दिवस लहान मुलं नि गरोदर बाया यांच्यापासून लांब राहायचं. सूचनांचा इंग्रजी कागद माझ्याच हातात दिला होता, कारण घरात शिकलेला मी. मी अर्धाच वाचून दाखवला. ‘कॅन्सर’ हा शब्द गाळला, ‘किरणोत्सारी’ गाळला. ‘इन्फेक्शन होऊ नये म्हणून जरा लांब राहायचं’ असं सांगितलं. तिला धक्का बसू नये, एवढाच हेतू. घरातल्या सगळ्यांचं यावर एकमत होतं.

तिने त्याचा अर्थ तिच्या परीने लावला: आपल्याला काहीतरी घाणेरडं, शिवू नये असं झालंय. आठ दिवस ती ओसरीवरच्या खोलीत कुणाशी न बोलता बसून होती. किरणांनी तिचं काही वाईट केलं नाही. आम्ही केलं.

तेव्हापासून मी या आयोडीनबद्दल वाचत गेलो. तेच आयोडीन-१३१, जे आत्याचा कॅन्सर मारायला दिलं, ते २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीतून आकाशात उडालं. ते गवतावर बसलं. गायींनी गवत खाल्लं, दूध मुलांनी प्यायलं. थायरॉइडची गाठ आयोडीन ओढून घेते, साधं की किरणोत्सारी हे तिला कळत नाही. २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियात, तेव्हा मुलं किंवा किशोरवयीन असलेल्यांमध्ये, थायरॉइड कॅन्सरचे ६,००० हून अधिक रुग्ण सापडले. त्यातला मोठा वाटा त्या दुधाचा. सुदैवाने यातले बहुतेक वाचले, कारण हा कॅन्सर बरा होतो. आत्याही वाचली. (गावात लगेच कुणीतरी ‘कैगामुळे झालं’ म्हणालं. तसं म्हणायला काडीचाही पुरावा नाही. थायरॉइडचा कॅन्सर कुठेही, कुणालाही होतो.)

मला छळतं ते हे, की या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवस आहे. दोन-तीन महिने ते दूध पोरांना दिलं नसतं, तर बहुतेक प्रश्न मिटला होता. त्यासाठी यंत्र लागत नव्हतं, पैसा लागत नव्हता. एक वाक्य लागत होतं. प्रिप्यात शहरातल्या जवळजवळ ५०,००० लोकांना स्फोटानंतर सुमारे ३६ तासांनी हलवलं, तेही ‘थोड्या दिवसांसाठी’ म्हणून. कीव्हमध्ये १ मे चं संचलन ठरल्याप्रमाणे झालं, मुलं रस्त्यावर होती. शेजारच्या पोलंडने मात्र काही दिवसांत सुमारे १ कोटी मुलांना साध्या आयोडीनचा डोस पाजला, म्हणजे गाठीत आधीच जागा उरू नये.

लपवणाऱ्यांकडे कारण असतंच, आणि ते नेहमी प्रेमाचं किंवा काळजीचं असतं. लोक घाबरतील. चेंगराचेंगरी होईल. मी आत्याच्या बाबतीत हेच म्हणालो होतो.

पण दुसरी बाजूही खोटी नाही. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झालं. तिथे इस्पितळांतले, वृद्धाश्रमांतले म्हातारे घाईघाईने बसमध्ये घालून हलवले, आणि त्या हालचालीत, थंडीत, उपासमारीत कितीतरी जण गेले. त्या प्रांतात विस्थापनाशी जोडलेले मृत्यू २,००० च्या वर आहेत. किरणांनी मेलेल्यांपेक्षा पळण्याने मेलेले कितीतरी पट जास्त. त्याच महिन्यात आशियाभर मोबाइलवर एक मेसेज फिरला: पाऊस आला तर घराबाहेर पडू नका, मानेला बीटाडीन लावा. भीतीचाही डोस असतो, आणि तोही मारतो. म्हणजे ‘सगळं सांगून टाका’ एवढं म्हणून सुटका नाही.

मग मला वेल्सचे मेंढपाळ सापडले. हा प्रकार चंदगडच्या माणसाने वाचावाच असा आहे.

स्फोटानंतर आठवडाभराने तो ढग ब्रिटनवर आला आणि नेमका त्याच वेळी वेल्स आणि कंब्रियाच्या डोंगरांवर पाऊस झाला. भट्टी हजारो किलोमीटर लांब. पण किरणोत्सार अंतर बघून पडत नाही, पाऊस बघून पडतो. इथे पडलं ते सीझियम-१३७, अर्धायुष्य ३० वर्षं. झाडाला ते पोटॅशसारखं दिसतं, म्हणून झाड ते शोषतं. जून १९८६ मध्ये ९,८०० च्या आसपास वाड्यांवरच्या ४० लाखांहून अधिक मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. तज्ज्ञ म्हणाले, तीन आठवड्यांत उठेल. त्यांचा हिशेब चिकणमातीचा होता, तिथे सीझियम मातीला घट्ट चिकटून बसतं. डोंगरावरची माती आम्लधर्मी, पावसाने धुपलेली, तिथे ते गवतात फिरत राहिलं. शेवटची बंदी उठली २०१२ मध्ये. तीन आठवड्यांची २६ वर्षं झाली.

समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी कंब्रियातल्या या शेतकऱ्यांशी बोलून लिहिलंय. एका प्रयोगात मेंढ्या कुंपणात कोंडून ठेवल्या. शेतकरी म्हणाले, कोंडलेली डोंगरी मेंढी वाळते, तुमचा प्रयोग बिघडेल. त्यांचं ऐकलं नाही. पुढे प्रयोग सोडून द्यावा लागला. शेतकऱ्यांचा राग बंदीवर फारसा नव्हता. ‘आम्हाला नक्की माहीत नाही’ हे कुणीच म्हणालं नाही, याचा होता.

आमचाही डोंगर, आमचाही धो धो पाऊस, जांभ्याची धुतलेली माती. सीझियम सर्वांत जास्त साठतं ते रानातल्या अळंबीत आणि ती उकरून खाणाऱ्या रानडुकरात. जर्मनीत बव्हेरियाच्या जंगलात मारलेल्या डुकराचं मांस अजूनही तपासावं लागतं. आत्या आषाढात रानात जाऊन अळंबी आणते. कैगा सरळ रेषेत आमच्यापासून सुमारे १२० किलोमीटर. तिथे बाहेर काही सांडलंय असं मला म्हणायचं नाही. तिथल्या एका भट्टीने २०१८ मध्ये सलग ९६२ दिवस चालण्याचा विक्रमही केला. पण नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम सापडलं, पन्नासहून अधिक कामगारांच्या पोटात गेलं. कळलं कसं? त्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत. आतल्याच कुणीतरी मुद्दाम मिसळलं असावं असं अधिकारी म्हणाले. म्हणजे भिंत कितीही जाड असो, कूलर भरणारा माणूसच असतो. कामगारांची तपासणी होते हे चांगलंच. अळंबी वेचणाऱ्या बाईला, वेळ आलीच, तर कोण सांगणार, कुठल्या भाषेत, आणि किती दिवसांनी?

सांगणारा बहुधा माझ्यासारखाच असेल. कागद हातात असलेला, इंग्रजी वाचता येणारा, माणसांवर जीव असलेला. आणि तोही मधले शब्द गाळेल.

आत्याला कळलं ते सात-आठ महिन्यांनी, तपासणीला गेल्यावर शेजारच्या बाकावरच्या बाईकडून. परत येताना गाडीत ती गडहिंग्लजपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, “पोराला मीच जवळ घेतलं नसतं की. सांगायचं होतंस.”

मी सॉरी म्हणालो. ती काही बोलली नाही.

यंदा जूनमध्ये तिचा नवा रिपोर्ट आला. पाटीत अळंबी निवडत बसली होती, म्हणाली, वाच. मी वाचायला लागलो, तर तिने हात वर करून थांबवलं, चष्मा लावला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. कागदावर बोट ठेवून म्हणाली, “हितनं. एक बी शब्द सोडू नको.”